बापूकाका कुठं आणि कसे पडले

आमच्या घरात वर्षातून एकच दिवस खऱ्या थाटाचा असायचा, आणि तो दिवाळीतला नव्हता. तो पितृपक्षातला, चतुर्दशीचा. बाकीचे पितर आपापल्या तिथीला जेवतात. चतुर्दशी मात्र शस्त्रानं मेलेल्यांसाठी राखीव असते. घातचतुर्दशी म्हणतात तिला. धारला आमच्या आळीत मराठ्यांची पंधरा-वीस घरं होती, पण त्या दिवशी पान मांडायचा मान आमचा एकट्यांचा, कारण माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, बापूकाका, ब्रह्मदेशच्या लढाईत गोळी लागून पडले होते. बाकीच्यांचे पितर तापानं, खोकल्यानं, म्हातारपणानं मेलेले. त्यांना बिचाऱ्यांना साध्या तिथ्या. शाळेत मी हे मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगायची. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा माझ्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

घरात माणसं पाच. आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, दरबारच्या रिसाल्यात दफेदार होते. दरबार विलीन झाला, घोडे गेले, पण आबांचा आवाज घोड्यावरून खाली उतरला नव्हता. वडील, म्हणजे दादा, पूर्वी फौजेचे गणवेश शिवायचे. फौजच उरली नाही तेव्हा शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या शिवू लागले. त्यांचं पायमशीन दिवसभर खडखडायचं आणि आबा बोलायला लागले की थांबायचं. आई स्वयंपाकघरातून फारशी बाहेर यायची नाही, पण तिची जीभ यायची. मग तारूआत्या, बापूकाकांची पाठची बहीण, पंचविशी ओलांडलेली आणि बिनलग्नाची. आणि पाचवी मी, सुमी, सातवीतली, वळणदार अक्षराची, आणि त्या अक्षरापायी शेफारलेली.

तारूआत्या बिनलग्नाची का, हे चतुर्दशीला दरवर्षी सगळ्या आळीसमोर सांगितलं जायचं. वडे तळलेले असायचे, खीर, आमटी, भोपळ्याची भाजी, आणि मोसमच असा की मक्याच्या भुट्ट्यांचा कीसही असायचाच. पंगत बसली, दादा श्राद्धाच्या पाटावरून उठले, की आबा गोष्ट सुरू करायचे. बापू आणि देवासचा गणपत जोडीनं भरती झाले, एका ताटात जेवले. गणपतशी तारेचं लग्न ठरलेलं, सुपारी फुटलेली. लढाई संपली, गणपत एकटा परत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, आबा, दसऱ्याच्या आधी नदीच्या उतारावर बापूला गोळी लागली. आबांनी त्याला अंगरखा काढायला लावला. अंगावर एक ओरखडा नाही! "जोडीदार पडला तर जोडीदार जखम घेऊन येतो, नाहीतर येतच नाही. आणि हा पळपुटा धडधाकट!" मग आबा थांबायचे, खीर वाढणाऱ्या आत्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला मी माझी पोर देणार होतो!" पंगत हसायची. आत्या पळी हातात धरून उभी राहायची. "वाढ गं, थांबलीस काय?" असं आबा म्हणाले की पुढच्या पानाकडे सरकायची.

मीही काही कमी नव्हते. "गणप्या गणप्या देवासचा, बंदूक टाकून धावायचा" हे गाणं माझंच. मी ते अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायची, आत्या ऐकू शकेल इतक्या जोरात. ती कधी रागावली नाही. तिनं एकदा जरी माझा कान पिरगळला असता, तरी मी गप्प बसले असते.

त्या वर्षी आळीतल्या पंचांनी ठरवलं की देवळाच्या आवारात एक दगड बसवायचा, त्यावर लढाईत गेलेल्या आपल्या माणसांची नावं, आणि प्रत्येक नावाखाली एक ओळ: कुठं आणि कसा पडला. बापूकाका आणि गणपत यांच्याबरोबर आणखी दोघे गेले होते, नालछ्याचा शंकर आणि अमझेऱ्याचा यशवंत. ते दोघेही परत आले नव्हते. त्यांची माहिती आणायचं काम आबांनी दादांवर टाकलं आणि लिहून घ्यायला मला बरोबर दिलं. आमची शाळा हिंदी, पण घरी आबांनी मराठी घटवून घेतली होती, आणि शाळेतल्या एका बाईंनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली होती. ती फार उपयोगाची, कारण फौजेत शिपायांना हिंदुस्थानी बोली इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवत. बोली आपली, अक्षरं साहेबाची. घरच्यांना ती पत्रं वाचताच यायची नाहीत.

पहिल्यांदा नालछ्याला गेलो. शंकरचा भाऊ शेतातून आला, उकडलेले भुट्टे समोर ठेवले, म्हणाला, "भिया, सरकारी कागद आला होता, गोळी लागली म्हणून. जास्त काही मालूम नाही." त्याची बायको त्याच उन्हाळ्यात वारली होती, तीन पोरं उघडीनागडी ओसरीत लोळत होती. दादांनी त्याची जमीन किती, बैल किती, हे सगळं विचारून घेतलं. मला वाटलं, नुसत्या गप्पा.

अमझेऱ्याला यशवंतची आई एकटीच होती. डोळ्यांनी अधू. तिनं देव्हाऱ्यातून मुलाचं शेवटचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पोस्टमास्तरांनी एकदा वाचून दाखवलं होतं, बाई. पुढे ते बदलून गेले. कितीक वर्षांत कुणी वाचलं नाही. तू सगळं वाच, हळू वाच." मी सुरू केलं. होळी झाली, असं लिहिलं होतं. छावणीत गुलाल नव्हता म्हणून विटेची भुकटी उधळली. आणि लगेच पुढं: धारचा बापूराव इस्पितळाच्या तंबूत आहे. हगवण थांबत नाही. देवासचा गणपत त्याला रोज धुतो, पुसतो, त्याचे कपडे ओढ्यावर नेतो. बापूराव म्हणतो, माझ्या बापाला कळवू नका, गोळी लागली म्हणून सांगा. गणपतकडून त्यानं मातेची शपथ घेतली आहे. आता दोन दिवसांचा सोबती दिसतो.

दसऱ्याआधी गोळी लागून मेलेला माणूस पुढच्या होळीला हगवणीनं मरत होता. मला भीती नाही वाटली, आनंद झाला. मी काहीतरी शोधून काढलं होतं! यशवंतची आई म्हणाली, "वाच ना पुढं, थांबलीस का?" पत्राचं दुसरं पान उलटलं तर वरच "आई" असं लिहिलेलं होतं, आणि सगळं पान भरलेलं. बाहेरून दादांनी हाक मारली, बस येईल. मी पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढं नुसती खुशाली आहे, आजी." तिनं माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. त्या पानावर काय होतं ते मला माहीत नाही. माझ्यानंतर ते तिला कुणी वाचून दाखवलं असेल असं वाटत नाही.

दादांना मी काही सांगितलं नाही. गणपतलाही विचारायला हवं, असा हट्ट धरून त्यांना इंदूरमार्गे देवासला ओढून नेलं. मातेच्या टेकडीच्या पायथ्याशी गणपतचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दादा समोरच्या चहाच्या दुकानात बसले. "त्याची पायरी चढायची नाही अशी आबांची आण आहे. तू जा. पोरीच्या जातीचा पाय कुणी मोजत नाही." मी गेले. दाढीचे खुंट वाढलेला, काळासावळा माणूस परातीतल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. धारच्या आबांची नात, मी म्हणाले. ट्यूब तशीच परातीत राहिली.

"तारी कशी आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"तुम्हाला काय करायचंय? तुमच्या अंगावर जखम का नाही ते सांगा."

"नाही लागली, बेटा. यात माझा काय कसूर?" तो हसला, पण रागानं नाही.

"अमझेऱ्याचं पत्र वाचलंय मी. सगळं."

त्यानं ट्यूब परातीतून काढून झटकली. "मग मला कायको विचारते?"

"खरं आहे का?"

"बघ बेटा, मी बापूच्या डोक्यावर हात ठेवून मातेची आण घेतलीय. माझ्या तोंडून दुसरं निघायचं नाही. चारचौघांत कुणी विचारलं तर मी गोळीच म्हणणार, आधीच सांगतो. पण कागद खोटा आहे असं म्हणणार नाही." मग हात पुसत तो पुढं म्हणाला, "आबांना सांग, नको सांगू, तुझी मर्जी. तारीला सांग. मी पळालो नाही, एवढं तिला कळलं तर बस." मला त्यानं समोरच्या दुकानातून पोहे-जिलबी आणवून दिली. मी जिलबी खाल्ली. दादा तिकडून बघत होते, पण उठले नाहीत.

आत्याला सांगितलं तेव्हा ती मागच्या पडवीत भुट्टे किसत बसली होती. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग ती हसायला लागली, किसणी बाजूला ठेवून, पोटावर हात दाबून. "अगं बाई, हगवण! माणूस आजारानं मरतो गं, त्यात लपवायचं काय होतं? रडं तेवढं कमी झालं असतं का?" मग एकदम शांत झाली. "गणपतरावांनी बापूचे कपडे धुतले?" गणपतराव. आमच्या घरात त्या माणसाला 'राव' लागलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या संध्याकाळी तिनं न्हाऊन केस मोकळे सोडले, आणि आई ओट्यापाशी तिच्याकडे बघून म्हणाली, "काय गं, कुणाच्या वरातीला निघालीस?" आत्या चुलीकडे वळली. ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पोहे खात असताना ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. माझ्या आठवणीत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी आपणहून बोलली. सगळं सांगितलं. मशीन थांबलं. आबांनी पोहे संपवले, हात धुतले, मिशा पुसल्या. मला वाटलं, मारतात आता. पण ते अगदी हळू बोलले. "चतुर्दशीला पंच येणार आहेत. त्या देवासवाल्याला बोलावतो, चारचौघांत विचारू. हगवणीनं मेला असं सिद्ध झालं, तर त्याच दिवशी नारळ देऊन तुला त्याच्या घरी पोचवतो. गोळीनं मेला असं ठरलं, तर मी दाखवीन त्या घरी जायचं, हूं की चूं न करता. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली.

मागच्या पडवीत आल्यावर मी तिला म्हणाले, "आत्या, ते गोळीच म्हणणार. त्यांना आण आहे." ती म्हणाली, "ठाऊक आहे. पत्र अमझेऱ्याला राहिलं, पण ते वाचणारी तू आहेस ना. तू ऊठ आणि वाचलंस ते सांग. त्यांच्याच्यानं 'खोटं' म्हणवणार नाही." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. भुट्ट्याचा वास होता हाताला. मी म्हणाले, "सांगेन."

चतुर्दशीच्या दोन दिवस आधी आबांनी मला बोलावलं. ते पट्ट्याचं पितळी बक्कल राखेनं घासत बसले होते. म्हणाले, दगडावरचा मजकूर तू लिही, पाथरवट तुझंच अक्षर दगडावर उतरवणार. शंभर वर्षं टिकेल. मी फुगले. मग त्यांनी विचारलं, "पोरी, इंग्रजी अक्षरं तुला पक्की येतात?"

"येतात."

"सातवीतल्या पोरीला? चुकू शकतं माणूस. इंदूरला मामाकडे राहून पुढं शिकलीस तर पक्की येतील. मी म्हटलं तर तुझा बाप पाठवेल." त्यांनी बक्कल उजेडात धरून बघितलं. "नाहीतर उज्जैनचं एक स्थळ आहे. तुझ्या आईच्या मनात भरलंय. जा आता, विचार कर."

त्यांनी मला खोटं बोल असं एकदाही सांगितलं नाही. म्हातारा मूर्ख नव्हता. बापू कसा गेला हे त्याला त्या सकाळीच उमगलं होतं, असं मी आता छातीठोकपणे सांगते. त्याला मेलेला मुलगा हवा होता, जिवंत मुलगी नको होती. पण त्याचं त्याच्यापाशी. दोन दिवस मी दुसरं-तिसरं काही न करता इंदूरचा विचार करत होते. मामाच्या घरी विजेचा दिवा होता. शाळेत म्हणे ग्रंथालय होतं. आणि उज्जैनच्या त्या स्थळाच्या आईला मी एकदा पाहिलं होतं. सुनेला तापल्या उलथन्यानं डाग द्यायला तिला निमित्तही लागत नसे, असं लोक म्हणायचे. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. माझी बाजूच नाही.

चतुर्दशीला गणपत आला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. त्याला कुणी पाट दिला नाही. अंगणात उन्हात उभा ठेवला. पंगत बसलेली, पंच समोर. आत्या खिरीचं पातेलं घेऊन आतल्या दारात. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, श्राद्धाच्या दिवशी हिरवं, आणि आईनं त्यावरून सकाळपासून तोंड सोडलं होतं. आत्याचं म्हणणं आबांनी पंचांना आधीच सांगून ठेवलं होतं; आता त्यांनी हात वर केला. "सांग रे. माझा बापू कुठं आणि कसा पडला?"

गणपतनं माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही. मग म्हणाला, "नदीच्या उतारावर, आबा. गोळी लागली."

आत्यानं पातेलं खाली ठेवलं. घाबरलेली नव्हती अजिबात. "सुमी, ऊठ," ती म्हणाली. "अमझेऱ्याचं पत्र तू वाचलंस. सांग सगळ्यांना."

मी उठले. दादा पाटावर मान खाली घालून बसले होते. आबा वड्याचा तुकडा मोडत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. मी म्हणाले, "मला नीट वाचता आलं नाही. इंग्रजी अक्षरं होती."

आत्या म्हणाली, "सुमी?" एवढंच. मग पंचांतला एक जाडा म्हातारा मोठ्यानं बोलला, "वा रे वा! नवरा पाहिजे म्हणून मेलेल्या भावाला हगायला लावलं पोरीनं!" आणि पंगत हसली. दरवर्षी हसायची त्याहून जास्त, ठसका लागेपर्यंत. हसणाऱ्यांत माझी आई होती. गणपतनं बापूकाकांच्या पानाला हात जोडले, आत्याकडे एकदा बघितलं आणि फाटकाबाहेर गेला. त्याला कागद खोटा आहे का, असं कुणी विचारलंच नाही. आबा म्हणाले, "तारे, खीर निवतेय." आणि तिनं वाढली. शेवटच्या पानापर्यंत वाढली. माझ्याही पानात वाढली, इतरांना वाढली तितकीच.

दगडासाठी ओळ मी त्याच आठवड्यात लिहिली: ब्रह्मदेशी नदीच्या उतारावर शत्रूशी लढता गोळी लागून धारातीर्थी पडले. 'धारातीर्थी' हा शब्द आबांनी सांगितला. पाथरवटानं अक्षर हुबेहूब उतरवलं, वेलांटीचा झोकसुद्धा.

मार्गशीर्षात नालछ्याच्या शंकरच्या भावाशी आत्याचं लग्न लावलं. दादा बैलांची चौकशी का करत होते ते मला तेव्हा कळलं. चाळिशीचा नवरा, तीन पोरं. ती हूं की चूं न करता गेली. निघताना सगळ्यांच्या पाया पडली, मी धाकटी म्हणून माझा प्रश्नच नव्हता. गणपतनं लग्न केलं नाही असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं केलं. मी चौकशी केली नाही. मी उन्हाळ्यात इंदूरला गेले, शिकले, शिक्षिका झाले, हेडबाई होऊन निवृत्त झाले. माझं अक्षर बघून अजून लोक वाहवा करतात.

नालछ्याला मी एकदाच गेले, नोकरीतून सुटल्यावर. मांडूला जाणाऱ्या बसमधून उतरले, विचारत विचारत घर गाठलं. ती ओसरीत खाटेवर बसून वाल सोलत होती. केस पूर्ण पांढरे, पण पाठ ताठ. सून दारात आली. मी म्हणाले, "धारहून सुमी आलीय म्हणून सांगा." दोघींच्या मध्ये चार हातांचंही अंतर नव्हतं, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं मान वर केली, मला नीट पाहिलं, पायांपासून चष्म्यापर्यंत. मग सुनेला म्हणाली, "ऊन फार आहे, त्यांना पाणी दे. आणि सांग, तारा घरी नाही." आणि पुन्हा वालांकडे वळली.

सून बिचारी गोंधळली. तिनं तांब्या-भांडं आणलं, एकदा सासूकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून म्हणाली, "त्या घरी नाहीत."

मी पाणी प्यायले, भांडं तिच्या हातात दिलं आणि परतीच्या बससाठी सडकेवर जाऊन उभी राहिले.